तुह्यी पाळी आली

माझं गाव गेलं त्या रात्री मी विहिरीजवळ खाटेवर झोपलो होतो. गाव ट्रॅव्हियन या इंटरनेटवरच्या खेळातलं. विहीर दारव्हा तालुक्यातली, आजोबांच्या काळची, दोन घरांत सामाईक. रात्री अकराला लाइन आली. पहिली पाळी दुसऱ्या घरच्या माझ्या दोस्ताची होती म्हणून त्यानं मोटर लावली आणि तीनच्या ठोक्याला येऊन माझी खाट हलवली. ‘ऊठ बे. तुह्यी पाळी आली.’ मी उठलो, अंधारात चप्पल चाचपली, फावडं घेतलं आणि सात वाजेपर्यंत गव्हाचे वाफे भरत राहिलो. विहिरीत पाणी व्यवस्थित होतं. चार तासांत जेवढं उपसायचं तेवढंच त्यानं उपसलं होतं, वीतभरही जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारव्ह्याच्या सायबर कॅफेत बसून अहवाल उघडले तेव्हा कळलं, की माझ्या गावावरचा शेवटचा हल्ला रात्री दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी पोचला होता. म्हणजे मला उठवायच्या नऊ मिनिटं आधी.

ही गोष्ट 2009 च्या डिसेंबरातली. त्या वर्षी पावसानं देशभर हात आखडता घेतला होता आणि आमच्याकडं तर विहिरी दिवाळीलाच खाली गेल्या होत्या. आम्ही दोघं तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे. कॉलेज नावाला. शेतीची थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दोन्ही घरची पोरं विहिरीवर मुक्कामाला.

ज्यांनी ट्रॅव्हियन खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. खेळलेल्यांनी एवढा भाग गाळला तरी चालेल, पण ते गाळणार नाहीत हे मला माहीत आहे. खेळ जर्मनीतला, 2004 सालचा. ब्राउझरमध्येच चालायचा, काही उतरवून घ्यावं लागत नसे, म्हणून कॅफेतल्या खटारा मशीनवर आणि नोकियाच्या फोनवर ऑपेरा मिनीतसुद्धा उघडायचा. सुरुवातीला प्रत्येकाला एक गाव मिळतं. गावाला 18 शेतं-खाणी: लाकूड, माती, लोखंड आणि गहू. त्यावर घरं बांधायची, सैन्य उभारायचं, मग दुसरं गाव वसवायचं. सैन्य तासागणिक गहू खातं. गहू संपला की सैनिक उपाशी मरतात, अगदी एकेक करून. आणि मुख्य म्हणजे खेळ थांबत नाही. तुम्ही कॉम्प्युटर बंद करून घरी गेलात, जेवलात, झोपलात, तरी तिकडं गहू पिकत असतो आणि कुणाचं तरी सैन्य तुमच्याकडं चालत निघालेलं असतं.

कास्तकारांच्या पोरांना हा खेळ पहिल्याच दिवशी कळला, समजावून सांगावा लागला नाही. त्यात ‘फार्म’ म्हणून एक शब्द होता. जो दुबळा आहे, उलट मारत नाही, आणि ज्याच्याकडं रोज दोनदा जाऊन पिकलेलं लुटून आणता येतं, तो खेळाडू म्हणजे फार्म. ‘तो माझा फार्म आहे’ असं लोक बिनदिक्कत म्हणायचे. त्या जर्मन खेळात की तो खेळणाऱ्यांत, हा शब्द कुठून आला ठाऊक नाही, पण ज्यानं काढला त्याला कापसाचा भाव नक्की माहीत असणार असं आम्ही म्हणायचो.

मी गॉल होतो. गॉल म्हणजे बचाववाले. फॅलॅन्क्स नावाचे भालेवाले उभे करायचे आणि भिंतीआड बसायचं. तो ट्यूटन. ट्यूटनांचे गदावाले स्वस्त आणि लुटायला चांगले. आमच्या स्वभावांना ते शोभायचं. त्यानं खेळात स्वतःचं नाव ‘बोंडअळी’ ठेवलं होतं. हल्ल्याचा अहवाल आला की समोरच्याला दिसायचं, बोंडअळीनं तुमच्या गावावर धाड टाकली. सांगली-साताऱ्याकडच्या खेळाडूंना त्यातली गंमत कळायची नाही. आम्ही दोघंच हसायचो.

आमची युती साठ जणांची. एका युतीत तेवढेच मावायचे. मराठी बोलणारे जवळजवळ सगळेच: पुण्यातल्या होस्टेलचे, नागपूरचे, एक जण दुबईत रात्रपाळी करणारा. नाव सांगत नाही, कारण ते आता ऐकायला फार बालिश वाटतं. युतीचं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी एकच सांगेन: झोपू देणं. हल्ला येतोय हे खेळात आधी दिसतं, लाल तलवारी दिसतात, किती वाजता पोचणार तेही सेकंदासकट दिसतं. किती सैन्य आहे ते दिसत नाही. म्हणजे कुणीतरी जागं असलं की मदत मागवता येते. प्रश्न एवढाच, की जागं कोण राहणार. म्हणून ‘सिटर’ नावाची सोय होती. तुम्ही तुमचं खातं दोन जणांना सांभाळायला देऊ शकता. पासवर्ड द्यावा लागत नाही. ते आपल्या पासवर्डनं तुमच्या खात्यात शिरतात आणि तुमच्या वतीनं बांधकाम करतात, सैन्य हलवतात. नियमात स्वच्छ लिहिलेलं होतं, की सिटर जे करील त्याला खातेदार जबाबदार.

माझ्या फोनवर नेट नव्हतं. दिवसातून एकदा कॅफेत गेलो तर गेलो. त्याच्याकडं मामानं दिलेला नोकिया होता, आणि विहिरीच्या थारोळ्यावर उभं राहिलं की दोन कांड्या रेंज यायची. त्यामुळं माझा सिटर तोच. दुसरं कुणाचं नाव घालावं असं मला कधी वाटलंही नाही. सामाईक विहीर होती, तसं सामाईक खातं.

आता त्या गावाबद्दल. साध्या गावाला सहा गव्हाची शेतं असतात. नकाशावर कुठंकुठं 15 गव्हाची शेतं असलेली जागा असते. 18 पैकी 15 गहू, बाकी तिन्हींचं एकेक. अशा गावावर मोठं सैन्य पोसता येतं, म्हणून तिच्यासाठी डोकी फुटायची. आमच्या भागात एक अशी जागा रिकामी दिसली आणि मी तीन वसाहतकरी पाठवून ती बसवली. अडीच महिने रक्त आटवून शेतं वाढवली. फक्त एक राहिलं होतं. खेळात राजधानी जिंकून घेता येत नाही. या गावात पॅलेस बांधून त्याला राजधानी केलं, की ते कायमचं माझं. त्या रविवारी रात्री पॅलेस पूर्ण व्हायला चौदा-पंधरा तास उरले होते. सोमवारी दुपारी कॅफेत जाऊन एक बटण दाबायचं, बस्स. जेवताना मी हे त्याला सांगितलं. दोनदा सांगितलं.

अहवाल वाचताना घटना उलटीकडून कळतात. शेवटचा अहवाल सगळ्यात वर असतो. आधी कळलं गाव गेलं. मग कळलं कसं गेलं: चार लाटा, सगळ्या एकामागोमाग त्याच मिनिटात, पुढं भिंत पाडणारी यंत्रं, मागं गावाची निष्ठा उतरवणारे सरदार. मग कळलं की लढाईच झाली नाही, कारण गावात कुणी नव्हतं. माझे सगळे फॅलॅन्क्स, त्यांची संख्या अजून लक्षात आहे, पण सांगायला लाज वाटते, रात्री 11:40 ला ‘मदत’ म्हणून नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला रवाना झाले होते. माझ्याच खात्यातून. 11:40 ला मी खाटेवर होतो आणि तो थारोळ्यावर उभा होता. मधे दहा पावलं. मोटरचा आवाज चालू होता. मला वाटतं मी त्याला उभं असलेलं पाहिलंही असेन, तोंडावर फोनचा उजेड.

आणि सर्वात खाली एक बारीकशी ओळ: बोंडअळीनं युती सोडली.

इंटरनेटवरच्या खेळांत दगाबाजी ही काही नवलाई नव्हती. त्याच 2009 च्या फेब्रुवारीत ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात बँड ऑफ ब्रदर्स नावाची बलाढ्य युती एका रात्रीत संपली होती. तिच्यातलाच अधिकार असलेला एक संचालक शत्रूला, गूनस्वार्मला, जाऊन मिळाला आणि आतूनच युती बरखास्त केली. वर्षानुवर्षांच्या लढायांनी जे झालं नव्हतं ते खिडकीतल्या एका बटणानं झालं. खेळ चालवणाऱ्या आइसलँडच्या कंपनीनं हे खेळाचाच भाग म्हणून सोडून दिलं. हे मी नंतर वाचलं. तेव्हा वाचलं असतं तरी काही उपयोग नव्हता. हजारोंच्या युतीत एक जण फुटला हे दुःख वेगळं, आणि ज्याच्या घरची भाकर-पिठलं तुम्ही त्याच संध्याकाळी खाल्लंय त्यानं केसानं गळा कापला हे वेगळं.

ॲलन कॅलहॅमर या माणसानं 1959 मध्ये डिप्लोमसी नावाचा पटावरचा खेळ आणला. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा युरोप, सात सत्ता, आणि फासे अजिबात नाहीत. नशीब काढून टाकलं की उरतं फक्त बोलणं. आधी सगळे कोपऱ्यात जाऊन एकमेकांना वचनं देतात, मग प्रत्येक जण आपापला हुकूम चिठ्ठीवर लिहितो, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडतात. वचन एक, चिठ्ठी दुसरीच, हे इतकं नेहमीचं की त्या खेळणाऱ्यांत त्याला ‘भोसकणं’ असा सरळ शब्द आहे. (आपल्याकडं राजकारणी ‘पाठीत खंजीर’ म्हणतात, पण तो खंजीर इतक्या पाठींतून फिरलाय की त्याची धार गेली.) हे कॅलहॅमर पुढं पोटापाण्याला काय करत होते? बरीच वर्षं पोस्टमन होते. अमेरिकेतल्या एका गावात घरोघरी पत्रं वाटायचे. माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द पिशवीत घालून पोचवायचे, न उघडता.

या खेळावर 2015 मध्ये काही संशोधकांनी काम केलं. ऑनलाइन डावांत मित्रपक्षांनी एकमेकांना पाठवलेले हजारो निरोप घेतले आणि दगा होण्याआधी भाषेत काय बदलतं ते शोधलं. निघालं ते असं: जो दगा देणार असतो त्याचं बोलणं अचानक जास्त गोड होतं. आणि जो बळी पडणार असतो तो पुढच्या बेतांबद्दल जास्त बोलायला लागतो. मी हे वाचलं त्या दिवशी मला आमचे निरोप आठवले. ट्रॅव्हियनमधला त्याचा शेवटच्या आठवड्यातला प्रत्येक निरोप ‘भारी’, ‘लय भारी’, ‘तूच राजा’ असा. हा माणूस एरवी मला ‘बिनकामाचा’ याशिवाय हाक मारत नसे. आणि माझे? ‘पॅलेस झाला की’, ‘त्यानंतर आपण’, ‘मग उन्हाळ्यात’. त्या संशोधकांना माझा एकट्याचा नमुना पुरला असता.

पण मला त्या सगळ्यात छळत होतं ते गोडपण नव्हतं. त्याला माझी झोप माहीत होती, हे होतं. शत्रूला तुमची भिंत किती पातळीची आहे ते हेर पाठवून कळतं. तुम्ही कधी झोपता, कुठं झोपता, किती वाजता उठवल्याशिवाय उठत नाही, हे कळायला शेजारी झोपलेलं असावं लागतं.

सोमवारी संध्याकाळी मी घरी आलो आणि गप्प बसलो. घरच्यांना काय सांगणार? गाव गेलं म्हणून? आईनं विचारलं असतं कुणाचं. आणि आमच्या घरात त्या घराबद्दल आधीच पुरेसं होतं.

त्याच्या बाबांना मी काका म्हणायचो आणि माझे बाबा त्यांच्याशी चार वर्षं बोलत नव्हते. कारण धुरा, म्हणजे शेताचा बांध. त्यांचं शेत आणि आमचं शेत लागून. काकांच्या वखराची पास दरवर्षी थोडी थोडी आमच्याकडं सरकत गेली आणि पाच-सहा वर्षांत आमची दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, त्यांच्याकडं गेली, असं आमचं म्हणणं. आमच्याच आजोबांनी आधी त्यांचा धुरा कोरला होता आणि त्यांनी फक्त आपलं परत घेतलं, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी पैसे भरून मोजणी आणली. दगड रोवले. पहिल्याच पावसाळ्यात त्यातला एक दगड नाहीसा झाला आणि कुणी नेला ते गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळं माहीत होतं. पोळ्याला समोरासमोर आले तर दोघंही बैलांच्या शिंगांकडं पाहायचे.

विहीर मात्र चालू होती. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’च्या रकान्यात अर्धी-अर्धी नोंद, मोटर एकाची, पाइप दुसऱ्याचा, वीजबिल निम्मं निम्मं. दोन बाप बोलत नव्हते म्हणून पाळीचा निरोप पोरं न्यायची. आमची दोस्ती त्यातूनच झाली. ती आमची निवड नव्हतीच, विहिरीनं लावलेली सोयरीक होती.

त्या आठवड्यात उरलेल्या रात्री कशा गेल्या ते फारसं आठवत नाही. त्यानं काही म्हटलं नाही, मी काही विचारलं नाही. ‘लाइन आली.’ ‘हाव.’ एवढंच. खरं तर भांडायला हवं होतं. पण भांडण सुरू कुठून करायचं हे कळेना. त्यानं नियम मोडला नव्हता. पैसे घेतले नव्हते. कुणाला इजा झाली नव्हती. त्यानं उजेडाचे काही ठिपके इकडचे तिकडं केले होते. हे मोठ्यानं म्हणून पाहिलं की आपणच वेडे ठरतो. आणि न म्हणता ठेवलं की छातीत दगड. मोठी माणसं ‘गेम तर होता’ म्हणतात तेव्हा त्यांना हे माहीत नसतं, की खेळ खोटा असला तरी त्यात घातलेल्या रात्री खोट्या नसतात. कदाचित माहीत असतं. रमी खेळणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर अबोला धरताना पाहिलंय.

मधला आठवडा दिवसपाळीचा गेला. पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्यात पहिली पाळी माझी होती. अकरा ते तीन मी, तीन ते सात तो. आणि तो खाटेवर झोपला. बिनधास्त. तोंडावरून गोधडी.

आमच्या विहिरीचं गणित असं होतं: चार तास मोटर चालली की पाणी फुटबॉलच्या, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेच्या, वर हात-दीड हात उरायचं. मग थोडं थांबलं की झरे भरून काढायचे आणि दुसऱ्याचे चार तास निभायचे. पहिल्यानं चारऐवजी पाच तास ओढलं तर फुटबॉल उघडा पडतो, मोटर हवा घेते, आणि दुसऱ्याचे शेवटचे वाफे कोरडे राहतात. झोपलेल्याला हे कळायची सोय नाही. पाण्यावर आकडा लिहिलेला नसतो. सगळा भरोसा जागणाऱ्यावर.

तीन वाजले. मी स्टार्टरजवळ उभा होतो. हिरवं बटण, लाल बटण. मी थारोळ्यावर जाऊन बसलो. थंडी मरणाची होती. दूर कुणाच्या तरी जागलीच्या माळ्यावरून डबा वाजवल्याचा आवाज येत होता, रोही हाकलत असतील. मी हातातल्या घड्याळाकडं पाहत राहिलो. तीन दहा. तीन वीस. आमचे वाफे कधीच भरले होते; पाणी दांड फोडून पडीत जमिनीत चाललं होतं. मला त्या पाण्याचा काही उपयोग नव्हता. तीन चाळीसला मी लाल बटण दाबलं आणि जाऊन त्याची खाट हलवली.

‘ऊठ. तुह्यी पाळी.’

तो उठून बसला. अंधारात आभाळाकडं पाहिलं, मग विहिरीत वाकून टॉर्च मारला. बराच वेळ पाण्याकडं पाहत होता. मग म्हणाला, ‘चाळीस मिन्टं जास्तीचे घेतले तुनं. झालं का बरोबर आता?’

मला उत्तर देता आलं नाही. अडीच महिन्यांचं गाव आणि चाळीस मिनिटांचं पाणी यांचा भाव कसा लावायचा? पण त्यानं लावला होता. तो भांडला नाही, ही गोष्ट मला त्याच्या दग्यापेक्षा जास्त झोंबली.

सकाळी बाबा शेतावर आले. त्यांनी आमच्या पडीतला चिखल पाहिला, मग धुऱ्यापलीकडचे त्याचे शेवटचे सहा वाफे पाहिले, सुके ठणठणीत. घरी जेवताना म्हणाले, ‘राती मोटर किती वाजता बंद केली?’ मी सांगितलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, त्यांना पाण्यावरचा आकडा वाचता येत होता. त्यांनी कारण विचारलं नाही. भाकर मोडत म्हणाले, ‘आज पाळी सुरू कराची ते चाळीस मिन्टं उशिरा कराची. अन् बंद तीनलेच.’

‘बाबा, त्या लोकाईनं आपला धुरा...’

‘धुऱ्याचं भांडन धुऱ्यावर. विहिरीवर कायले आनतं?’

त्या रात्री मी अकरा चाळीसला मोटर लावली. 11:40. हा योगायोग फक्त मलाच ठाऊक होता आणि तो मला अजिबात आवडला नाही.

पुष्कळ वर्षांनी रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांच्या प्रयोगाबद्दल वाचलं. 1980 च्या सुमाराला अमेरिकेतल्या या प्राध्यापकांनी जाणकारांकडून प्रोग्राम मागवले आणि त्यांची एकमेकांशी स्पर्धा लावली. प्रत्येक वेळी दोनच पर्याय, साथ द्या किंवा दगा द्या. पहिल्या स्पर्धेत 14 प्रोग्राम आले आणि जिंकला सगळ्यात छोटा, ॲनाटोल रॅपोपोर्ट यांचा. त्याची रीत एवढीच: सुरुवात साथ देऊन करायची, आणि मग समोरच्यानं मागच्या वेळी जे केलं तेच करायचं. दग्याला एकदा दगा, पण तो पुन्हा नीट वागला की आपणही नीट. मनात काही ठेवायचं नाही. पुढच्या स्पर्धेत 62 प्रोग्राम आले, सगळ्यांना आधीचा निकाल माहीत होता, तरी पुन्हा तोच जिंकला.

वाचून वाटलं, म्हणजे मी चाळीस मिनिटं घेतली ते शास्त्रशुद्ध होतं. मग दुसरी गोष्ट वाचली आणि जरा थांबलो. डाव किती फेऱ्यांचा आहे हे आधीच माहीत असेल, तर शेवटच्या फेरीत दगा देणंच फायद्याचं, कारण नंतर कुणी फेड करायला येत नाही. ट्रॅव्हियनचा सर्व्हर साधारण दहा महिने चालायचा. कुणीतरी ‘जगाचं आश्चर्य’ ही इमारत 100 पातळ्यांपर्यंत बांधली की संपलं, सगळं पुसून नवं. मजा अशी, की ते आश्चर्य एकट्याला बांधताच येत नाही. पन्नास पातळ्यांच्या पुढं जायला युतीतल्या दुसऱ्या कुणाकडं आणखी एक आराखडा असावा लागतो. म्हणजे विश्वास टाकायला लावणारा खेळ आणि त्याच्या शेवटाची तारीख दोन्ही एकाच डब्यात. दगा तिथं पिकणारच.

विहिरीला सर्व्हर संपायची तारीख नव्हती. बाबा ॲक्सेलरॉडच्या प्रोग्रामपेक्षाही एक पाऊल पुढं होते, किंवा मागं. ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी दोन खाती वेगळी ठेवली होती. धुऱ्याच्या खात्यावर ते शेवटपर्यंत कडू राहिले. एक इंच सोडला नाही, एक शब्द बोलले नाहीत. मला ही माफी वाटत नाही. माणूस दिलदार असता तर बोलला असता. पण त्या कडूपणाची एक धारही त्यांनी विहिरीत पडू दिली नाही. मी मात्र एका खात्याचं कर्ज दुसऱ्या खात्यातून वसूल करायला निघालो होतो आणि पाणी पडीतात सोडून आलो होतो.

ट्रॅव्हियन मी सोडलं. त्यानंही काही दिवसांत सोडलं असावं. दोस्ती तुटली असं म्हणता येणार नाही. तिच्यातलं हसणं कमी झालं. तो पुढं बुटीबोरीला कंपनीत लागला, मी गावातच राहिलो. लग्नांना भेटायचो. एकमेकांच्या पोरांना दहा-दहाच्या नोटा द्यायचो. त्या गावाचा विषय पंधरा वर्षांत एकदाही निघाला नाही. काकांचं शेत पुढं मीच बटईनं करायला घेतलं, म्हणजे धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना आता माझाच वखर चालतो. बाबा हे पाहायला नव्हते. त्यांना आवडलं असतं की नाही, सांगणं कठीण.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि रात्री दहाच्या सुमाराला तो विहिरीवर आला. मी होतोच, गव्हाला पाणी चालू होतं. खाट नवी आहे, जागा तीच. थारोळ्यावर बसून त्यानं तंबाखू मळली, मला दिली. बराच वेळ त्याच्या बाबांबद्दल बोलला. मग एकदम म्हणाला, ‘तुह्यं ते पंधरावालं.’

मला क्षणभर वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘हल्लेवाल्याईनं मले म्हटलं होतं, गाव घेतलं का तुलेच देऊ. अन् आठ दिवसात मलेच फार्म केलं. रोज येऊन लुटत जाय.’ तो हसला. मीही हसलो. मग तो म्हणाला, ‘पन एक सांग. ते पयले कोनाले दिसलं होतं?’

आणि मला आठवलं. खरं सांगायचं तर विसरलो कधीच नव्हतो, हिशेबात धरलं नव्हतं. दारव्ह्याहून परत येताना, सायकलवर, तो डबलसीट मागं. ‘बे, पंधरा गव्हाची जागा सापडली,’ असं म्हणून त्यानं मला आकडे सांगितले होते, माझ्या कानात, वाऱ्यात ओरडून. त्याचे वसाहतकरी तयार व्हायला चार दिवस होते. माझे तयार होते. मी दुसऱ्याच दिवशी पाठवले. त्याला म्हटलं, आपलंच तर आहे, तुझं काय माझं काय. तो तेव्हा ‘हाव’ म्हणाला होता. त्यानंतर अडीच महिने तो रोज माझ्या खात्यात शिरून त्याच गावाची शेतं वाढवत होता, मी कॅफेत नसताना.

‘तुले,’ मी म्हटलं.

‘हाव,’ तो म्हणाला.

अकराला लाइन आली. आता स्टार्टरला ऑटो बसवलेला आहे, कुणी बटण दाबत नाही. खट्ट आवाज झाला आणि मोटर आपोआप चालू झाली. पाळीही उरलेली नाही, दोन्हीकडचं पाणी मीच देतो. पण तो उठला, कोपऱ्यातलं फावडं घेतलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. कंपनीत एवढी वर्षं काढून पाय गोरे झालेले दिसले टॉर्चच्या उजेडात.

‘तू झोप,’ तो म्हणाला. ‘तीनले उठवतो.’

मी खाटेवर आडवा झालो. गोधडी ओढून घेतली. दांडातून पाणी वळल्याचा आवाज, फावड्याचा आवाज, मधेच तो खोकल्याचा आवाज, सगळं ऐकत राहिलो. एकदा त्याच्या तोंडावर फोनचा उजेड पडला, मग गेला. झोप काही लागली नाही. पावणेतीनच्या सुमाराला पावलं खाटेकडं येताना ऐकू आली तेव्हा मी घाईघाईनं डोळे मिटून घेतले, त्याला उठवायला कुणीतरी असावं म्हणून.